जुन्या बॅटरीतले धातू परत काढताना पर्यावरणाला काय मोजावं लागतं

जुन्या लिथियम-आयन बॅटरीतून धातू परत काढणं हे खाणीतून नवे धातू काढण्यापेक्षा पर्यावरणाला कमी जाचक आहे का? आहे, आणि फरक थोडाथोडका नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी नेवाडा राज्यातल्या रेडवुड मटेरियल्स या कंपनीच्या चालू कारखान्यातली आकडेवारी घेऊन याचा हिशेब मांडला. जानेवारी २०२५मध्ये तो 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. वापरलेल्या बॅटऱ्यांतून काढलेल्या धातूंमागे हरितगृह वायूंचं उत्सर्जन खाणीच्या मार्गाच्या निम्म्याहून कमी भरतं, तर पाणी आणि ऊर्जा साधारण पाव हिश्शात भागते, असं त्यात दिसलं.

हे आकडे खरे आहेत आणि आनंदाचे आहेत. पण ते एका ठरावीक कारखान्याचे आहेत, हे विसरून चालणार नाही. तिथे येणाऱ्या मालापैकी सुमारे ९० टक्के माल कुणी वापरून टाकलेल्या बॅटऱ्यांचा नव्हताच. तो बॅटरी कारखान्यांतून निघालेला भंगार होता: कापताना उरलेले तुकडे, चाचणीत नापास झालेले सेल. हा माल स्वच्छ असतो, त्यात काय आहे ते आधीच ठाऊक असतं आणि तो एकाच ठिकाणी ढिगाने मिळतो. त्या मालाचा हिशेब तर आणखी चांगला आला. खाणीच्या तुलनेत उत्सर्जन १९ टक्के, पाणी १२ टक्के आणि ऊर्जा ११ टक्के. आपल्या घरातून निघणारी फुगलेली मोबाइलची बॅटरी किंवा स्कूटरचा दमलेला पॅक यांची गोष्ट वेगळी आहे.

ती वेगळी का, हे कळण्यासाठी आधी बॅटरी उघडून पाहावी लागेल.

सेलच्या आत

लॅपटॉपच्या जुन्या पॅकमध्ये बोटाएवढे गोल सेल असायचे. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, वजन साधारण ४५ ग्रॅम. बाजारात त्यांना १८६५० याच नावाने ओळखतात. अनेक विजेच्या स्कूटरमध्येही याच घराण्यातले, जरासे मोठे सेल असतात. वरचं पोलादी कवच काढलं की आत अळूवडीच्या उंड्यासारखी गुंडाळी दिसते. तांब्याची पातळ पट्टी, तिच्यावर ग्रॅफाइटचा लेप. मग प्लास्टिकचा अगदी तलम पडदा. मग ॲल्युमिनियमची पट्टी आणि तिच्यावर आणखी एक काळा लेप. पुन्हा पडदा, आणि सगळं घट्ट वळलेलं.

महागाचा माल आहे तो ॲल्युमिनियमवरच्या काळ्या लेपात. मोबाइलमध्ये तो बहुधा लिथियम आणि कोबाल्टचा असतो. गाड्यांमध्ये निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांचं मिश्रण असतं, त्याला एनएमसी म्हणतात. तिसरा प्रकार लोह आणि फॉस्फेटचा, म्हणजे एलएफपी. त्यात निकेल नाही, कोबाल्टही नाही. लिथियम तिन्हींत असतं, पण आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार कमी. एक किलोवॉट-तास क्षमतेमागे ढोबळमानाने १०० ग्रॅम. म्हणजे तीन किलोवॉट-तासाच्या स्कूटरच्या अख्ख्या जड पॅकमध्ये लिथियम आहे जेमतेम ३०० ग्रॅम.

गुंडाळी ज्या द्रवात भिजलेली असते तो सगळ्यात अवघड. तो पेट घेणाऱ्या सेंद्रिय द्रावकांचा बनलेला असतो आणि त्यात लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट नावाचा क्षार विरघळवलेला असतो. या क्षाराचं आणि पाण्याचं वैर आहे. हवेतला दमटपणा लागला तरी त्यातून हायड्रोजन फ्लोराइड बाहेर पडतो. हा वायू डोळे, त्वचा आणि फुप्फुसं जाळतो. शिवाय काळे लेप पट्टीला चिकटून राहावेत म्हणून जो डिंक वापरतात, तोही बहुतेक वेळा फ्लोरिनयुक्त प्लास्टिकचाच असतो. त्यामुळे बॅटरी जाळा, दळा किंवा आम्लात टाका, फ्लोरिनचा बंदोबस्त आधी करावा लागतो. पुनर्वापराच्या कारखान्यात धूर धुण्याची यंत्रणा हा महत्त्वाचा खर्च असतो तो त्यामुळेच, आणि काटकसर करायची झाली की पहिली कुऱ्हाडही तिच्यावरच पडते.

खाणीपेक्षा बरं का

मूळ कारण सोपं आहे. निकेलचं जे जांभ्यासारखं खनिज इंडोनेशियात खणतात, त्यात निकेल असतं एक-दीड टक्का. एक टन निकेलसाठी शंभर टनांच्या आसपास दगडमाती उपसायची, ती तापवायची किंवा दाबाखाली आम्लात शिजवायची आणि उरलेला चिखल कुठेतरी साठवायचा. जगातलं निम्म्याहून जास्त निकेल आज इंडोनेशियातून येतं आणि तिथल्या सुलावेसी बेटावरच्या भट्ट्या मोठ्या प्रमाणात कोळशाच्या विजेवर चालतात. याउलट एनएमसी बॅटरी दळून जी काळी भुकटी मिळते, तिच्यात निकेल आणि कोबाल्ट मिळून साधारण पाव हिस्सा असतात. ज्याला 'शहरी खाण' म्हणतात ती खऱ्या खाणीपेक्षा कित्येक पट समृद्ध आहे. कुणीतरी आधीच एकदा डोंगर फोडून, शिजवून, गाळून हा माल शुद्ध केलेला आहे. तो पुन्हा मातीत टाकणं म्हणजे ते सगळं कष्ट आणि ते सगळं प्रदूषण वाया घालवणं.

दुसरं कारण प्रवासाचं. कोबाल्टचा बहुतांश पुरवठा काँगोच्या कटांगा-लुआलाबा पट्ट्यातून होतो. तिथल्या खाणींत माणसं, कधी कधी लहान मुलंसुद्धा, हाताने खणतात हे आता जगजाहीर आहे. तिथून माल रस्त्याने बंदरात, बंदरातून जहाजाने चीनमध्ये शुद्धीकरणाला. लिथियमचा मोठा वाटा चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या मिठागरांतून आणि ऑस्ट्रेलियातल्या दगडांतून येतो. अटाकामात जमिनीखालचं खारं पाणी उपसून उघड्या तळ्यांत वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ उन्हात आटवतात. तेही जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एकात. स्टॅनफर्डच्या हिशेबात एका बॅटरीतल्या या सक्रिय धातूंचा खाणीपासूनचा प्रवास सरासरी सुमारे ५७,००० किलोमीटर भरला. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,००० किलोमीटर आहे, यावरून कल्पना यावी.

म्हणून 'पुनर्वापर करूनही प्रदूषण होतंच, मग फायदा काय?' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. फायदा मोठा आहे. मात्र तो आपोआप मिळत नाही आणि सगळ्या कारखान्यांत सारखा मिळत नाही.

भट्टी, आम्ल आणि उरलेलं मीठ

पुनर्वापराची पहिली पायरी म्हणजे बॅटरी रिकामी करणं. 'संपलेल्या' गाडीच्या बॅटरीतही बरीच वीज शिल्लक असते. ती काढली नाही आणि पॅक तसाच दळायला टाकला, तर आग लागते. म्हणून काही ठिकाणी नायट्रोजनच्या वातावरणात दळतात, काही ठिकाणी पाण्याखाली. पाण्याखाली दळलं की आगीची भीती कमी होते, पण ते पाणी फ्लोरिन आणि जड धातूंनी दूषित होतं. ते शुद्ध करूनच सोडावं लागतं. दळल्यावर तांबं, ॲल्युमिनियम, पोलाद, प्लास्टिक वेगळं निघतं आणि उरते ती काळी भुकटी. कारखान्यात तिला ब्लॅक मास म्हणतात.

आगीचा धोका पुस्तकी नाही. ऑक्टोबर २०२४ अखेरीस अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात फ्रेडरिकटाउन इथे बॅटरी पुनर्वापराच्या एका मोठ्या कारखान्याला आग लागली. आसपासच्या लोकांना घरं सोडायला सांगावं लागलं आणि नंतर जवळच्या ओढ्यात मासे मेलेले आढळले. हजारो बॅटऱ्या एका छपराखाली साठवणं हेच मुळात जोखमीचं काम आहे. पर्यावरणाच्या हिशेबात असे अपघात सहसा धरले जात नाहीत, कारण प्रति किलो धातूमागे त्यांचा आकडा काढता येत नाही.

काळ्या भुकटीचं पुढे काय करायचं याचे दोन जुने मार्ग आहेत. पहिला भट्टीचा. काही कारखाने तर दळण्याच्या भानगडीत न पडता अख्खे सेलच १,४०० अंश सेल्सियसच्या पुढे तापवतात. तळाशी निकेल, कोबाल्ट आणि तांब्याचा मिश्रधातू जमतो. प्लास्टिक आणि ग्रॅफाइट जळून कार्बन डायऑक्साइड होतात. लिथियम आणि ॲल्युमिनियम मळीत, म्हणजे भट्टीत वितळून उरलेल्या दगडासारख्या कचऱ्यात जातात. ती मळी अनेकदा बांधकामात भर म्हणून वापरली जाते. म्हणजे ज्या धातूचं नाव बॅटरीला दिलं तोच धातू सिमेंट-खडीत हरवतो. मळीतून लिथियम काढता येतं, पण त्याला वेगळा खर्च आणि वेगळी ऊर्जा लागते. या मार्गाचा एक गुण मान्य केला पाहिजे: भट्टीला मिसळलेला, अस्वच्छ मालही चालतो.

दुसरा मार्ग आम्लाचा, आणि भारतात पुढे वाढणार आहे तो बहुधा हाच. काळी भुकटी गंधकाम्लात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवतात, मग एकेक धातू वेगळा करून त्याचे क्षार खाली बसवतात. तापमान शंभर अंशांच्या आतलं, लिथियम हाती लागतं, शुद्धता उत्तम. कागदावर हा मार्ग फार हिरवा दिसतो. पण इथे जरा थांबू या.

आम्लात विरघळलेला कोबाल्ट किंवा निकेल खाली बसवायला कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड घालतात. शाळेतली रसायनशास्त्राची वही काढली तर समीकरण सोपं आहे: कोबाल्ट सल्फेट आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्यापासून कोबाल्ट हायड्रॉक्साइड आणि सोडियम सल्फेट. आता वजनं मांडा. ५९ किलो कोबाल्ट खाली बसला की १४२ किलो सोडियम सल्फेट पाण्यात उरतं. निकेलचंही जवळजवळ तेच. म्हणजे दर किलो धातूमागे जवळपास अडीच किलो मीठ. लिथियम कार्बोनेट खाली बसवताना तर प्रत्येक किलो लिथियममागे सुमारे दहा किलो. सगळं आम्ल धातूंच्या कामी येत नाही, जास्तीचं आम्ल मारायला पुन्हा सोडा घालावा लागतो. तेव्हा प्रत्यक्षातला आकडा याहून मोठाच येतो.

सोडियम सल्फेट जहाल विष नाही. कपडे धुण्याच्या पावडरीत ते असतं, काच कारखान्यांना लागतं. पण बाजारात आधीच ते मुबलक आणि स्वस्त आहे, आणि धातूंचे अंश राहिलेलं मीठ कुणी सहजी घेत नाही. मग पर्याय दोन. पाणी आटवून मीठ कोरडं करायचं, ज्याला भरपूर ऊर्जा लागते. नाहीतर ते पाणी नदीत किंवा खाडीत सोडून द्यायचं. गोड्या पाण्याच्या नदीत असं खारं पाणी सतत येत राहिलं तर तिथली जीवसृष्टी बदलते, आणि त्याच पाण्यावर पिकं घेतली तर जमिनीचं काय होतं हे सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्याला सांगायला नको. क्षारपड जमीन त्याने डोळ्यांनी पाहिली आहे. तारापूर, तळोजा, लोटे-परशुराम इथल्या सामूहिक सांडपाणी प्रकल्पांचा पूर्वानुभव पाहता, 'पाणी प्रक्रिया करूनच सोडतो' या वाक्यावर मी तरी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. बॅटरी पुनर्वापराचा नवा कारखाना येत असेल तर ग्रामसभेने विचारण्याचा पहिला प्रश्न असा असावा: रोज किती सोडियम सल्फेट तयार होणार आणि ते जाणार कुठे?

यावर उपाय आहेत. विजेच्या साहाय्याने त्याच मिठापासून पुन्हा आम्ल आणि सोडा बनवता येतो, म्हणजे रसायनं आतल्या आत फिरत राहतात. त्यालाही वीज लागते, पण बाहेरून आणायची रसायनं आणि बाहेर टाकायचं मीठ दोन्ही घटतं. आणखी एक शहाणपणाची वाट म्हणजे धातू एकमेकांपासून पूर्ण वेगळे करण्याचा हट्ट सोडणं. निकेल, कोबाल्ट, मँगनीज पुढच्या कारखान्यात पुन्हा एकत्रच मिसळायचे असतील, तर ते मिश्र रूपातच का देऊ नयेत? स्टॅनफर्डच्या अभ्यासातही मिश्र धातूंचं उत्पादन काढलं तर पर्यावरणाचा भार आणखी कमी होतो असं दिसलं. रेडवुडची आपली वेगळी रीतही आहे. प्रचंड तापमानाच्या भट्टीऐवजी ते बॅटऱ्या बऱ्याच कमी तापमानाला, जीवाश्म इंधन न जाळता भाजतात, आणि त्यामुळे लिथियमही जास्त हाती लागतं.

काळ्या लेपाची स्फटिकरचना न मोडता, नुसतं कमी झालेलं लिथियम भरून तो लेप पुन्हा वापरायचा असा तिसरा मार्गही प्रयोगशाळांत चांगला चालतो. त्यात ऊर्जा सर्वांत कमी लागावी. अडचण एवढीच, की दहा कंपन्यांच्या दहा प्रकारच्या बॅटऱ्या एकत्र आल्या की तो कोलमडतो.

वीज कुठून येते

स्टॅनफर्डच्या त्या अभ्यासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला निष्कर्ष बातम्यांत फारसा आला नाही. पुनर्वापराच्या एकूण पर्यावरणीय भारात सगळ्यात मोठा वाटा विजेचा आहे, आणि ती वीज कशापासून बनते यावर हरितगृह वायूंचं उत्सर्जन पाचपटीपर्यंत बदलू शकतं. तोच कारखाना, तीच यंत्रं, तीच रसायनं. एका ठिकाणी वीज पाण्याची किंवा सूर्याची, दुसऱ्या ठिकाणी कोळशाची, आणि हिशेब पाचपट वेगळा.

भारतातली साधारण सत्तर टक्के वीज आजही कोळशातून येते. म्हणजे नेवाडातले आकडे उचलून इथल्या कारखान्याच्या माहितीपत्रकात छापणं बरोबर नाही. इथल्या कारखान्याचा हिशेब इथल्या विजेवर, इथल्या पाण्यावर मांडला पाहिजे. चांगली बाजू अशी, की हा दोष दुरुस्त करण्याजोगा आहे. काँगोची खाण हलवता येत नाही. पण पुनर्वापराच्या कारखान्याने आपली वीज सौर किंवा पवन प्रकल्पातून घ्यायची ठरवलं तर ते शक्य आहे, आणि महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडूत अशी वीज उपलब्ध आहे. पाण्याचंही तसंच: जिथे उन्हाळ्यात टँकर लागतात तिथे आम्लमार्गाचा कारखाना काढायचा की जिथे पाणी पुन्हा पुन्हा फिरवण्याची सक्ती करता येईल तिथे, हे परवानगी देताना ठरतं.

भंगारवाल्याच्या दुकानात

आता वळू या ज्या टप्प्यावर आपल्याकडे खरं नुकसान होतं त्याकडे. तो टप्पा कारखान्याच्या फाटकाबाहेरचा आहे.

इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी संपली की दुकानदार जुनी परत घेतो आणि नवीच्या किमतीतून पैसे वजा करतो. शिशाला भाव आहे, म्हणून ती बॅटरी कुणी उकिरड्यावर टाकत नाही. (शिसं गाळणाऱ्या बेकायदा भट्ट्या हा वेगळा आणि भयंकर विषय आहे.) मोबाइलच्या बॅटरीला असा भाव नाही. ती ड्रॉवरमध्ये पडून राहते, नाहीतर ओल्या-सुक्या कचऱ्यात जाते. घंटागाडीत कचरा दाबला जातो, सेल चेपतो, आतला पडदा फाटतो, दोन पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि आग लागते. ती विझवायला पुढे येतो तो हातमोजेही नसलेला सफाई कामगार.

मोठे पॅक मात्र भंगाराच्या बाजारात पोहोचतात. दिल्लीचं सीलमपूर असो की मुंबईतलं कुर्ला आणि धारावी, तिथले कारागीर पॅक उघडण्यात तरबेज आहेत. स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड घेऊन प्लास्टिकचं कवच उचकटायचं, निकेलच्या जोडपट्ट्या ओढून काढायच्या, मग मल्टिमीटर लावून एकेक सेल तपासायचा. ज्यात जीव आहे ते सेल बाजूला. त्यांच्यापासून पॉवर बँक, टॉर्च, विजेरी दिवे बनतात. मृत सेलांमधून सहज निघेल तेवढं तांबं-ॲल्युमिनियम काढलं जातं आणि उरलेलं गटारात, नाल्यात किंवा शेकोटीत जातं. निकेल आणि कोबाल्टची ती काळी धूळ श्वासातून आत जाते. निकेलची अनेक संयुगं कर्करोगकारक आहेत आणि कोबाल्टच्या धुळीने फुप्फुसांचे आजार होतात.

या लोकांना दोष देऊन काही साधणार नाही. चांगले सेल वेगळे काढून पुन्हा वापरणं ही खरं तर पर्यावरणाच्या दृष्टीने पहिल्या क्रमांकाची गोष्ट आहे. गाडीतून निवृत्त झालेल्या बॅटरीत बहुधा ७० ते ८० टक्के क्षमता शिल्लक असते आणि सौर दिव्याला किंवा छपरावरच्या सौर यंत्रणेला ती पुष्कळ वर्षं पुरते. दळण्याआधी हे दुसरं आयुष्य मिळालं तर त्या धातूंमागचं खाणीचं प्रदूषण जास्त वर्षांत वाटलं जातं. चूक आहे ती उरलेल्या कचऱ्याला मार्ग नसण्यात. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करते, ई-कचऱ्याच्या संकलनातही ती उतरलेली आहे. बॅटऱ्या वेगळ्या घेऊन, टोकांवर चिकटपट्टी लावून, वाळूच्या डब्यात ठेवण्याचं प्रशिक्षण आणि त्याचे योग्य पैसे अशा संस्थांतल्या लोकांना मिळाले, तर कोट्यवधींच्या यंत्राइतकंच काम होईल असं मला मनापासून वाटतं. कारखाना कितीही आधुनिक असला तरी माल त्याच्या फाटकापर्यंत सुखरूप पोहोचावा लागतो.

नियम काय मोजतात

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम काढले. बॅटरी बाजारात आणणाऱ्यावर ती परत गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारी टाकली. जमिनीत पुरायला आणि जाळायला मनाई केली. पुनर्वापर करणाऱ्याने बॅटरीच्या कोरड्या वजनापैकी किती माल परत मिळवायचा याचीही लक्ष्यं दिली: २०२४-२५मध्ये ७० टक्के, २०२५-२६मध्ये ८० आणि २०२६-२७पासून ९०. नव्या विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांत २०२७-२८पासून निदान ५ टक्के माल पुनर्वापराचा हवा आणि तो २०३०-३१पर्यंत २० टक्क्यांवर जायला हवा, असंही त्यात आहे.

चांगले नियम आहेत. पण वजन मोजण्यात एक फट राहते. लिथियम बॅटरीच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांच्या वर क्वचितच जातं. पोलाद, ॲल्युमिनियम, तांबं, ग्रॅफाइट आणि बाकीचे धातू नीट काढले, तर लिथियम सांडपाण्यात सोडूनही वजनाचं लक्ष्य गाठता येतं. युरोपीय संघाने २०२३च्या नियमात ही फट बुजवली. तिथे एकूण वजनाचं लक्ष्य आहेच, शिवाय धातूवार लक्ष्यं आहेत. लिथियम २०२७अखेर ५० टक्के आणि २०३१अखेर ८० टक्के परत मिळालंच पाहिजे. निकेल, कोबाल्ट आणि तांब्यासाठी हेच आकडे ९० आणि ९५ आहेत. आपल्याकडेही धातूवार हिशेब मागायला हवा.

आपल्याकडच्या अनेक कारखान्यांचं काम बराच काळ काळी भुकटी तयार करण्यापाशी थांबत होतं. भुकटी परदेशी जायची. म्हणजे दळण्याची धूळ, आग आणि धूर इथे; शुद्ध धातू आणि नफा तिकडे. सप्टेंबर २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. नुसती भुकटी करणाऱ्याला तिचा लाभ नाही, प्रत्यक्ष धातू काढणाऱ्यालाच आहे. दिशा बरोबर आहे. त्याबरोबर सोडियम सल्फेटचा प्रश्नही इथेच राहायला येणार, हेही आतापासून धरून चालावं.

मागणी इतक्या वेगाने वाढते आहे, की येती कित्येक वर्षं पुनर्वापर खाणींची जागा घेऊ शकणार नाही. आज विकलेली बॅटरी आठ-दहा वर्षांनी परत येते, आणि तोवर मागणी कितीतरी पुढे गेलेली असते. खाणींवरचा वाढता ताण तो कमी करू शकतो, एवढं त्याचं आजचं बळ.

शेवटचा मुद्दा एलएफपीचा, कारण आपल्या रस्त्यांवर हाच प्रकार झपाट्याने वाढतो आहे. पुण्यात पीएमपीएमएलच्या विजेवरच्या बस २०१९पासून धावताहेत. पहिल्या बस बीवायडी या चिनी कंपनीच्या तंत्रज्ञानावरच्या, म्हणजे एलएफपीच्या बॅटऱ्यांच्या. या बॅटऱ्या जास्त टिकतात, सहजासहजी पेटत नाहीत, आणि काँगोच्या कोबाल्टची त्यांना गरज नाही. वापरात असेपर्यंत त्या पर्यावरणाला नक्कीच सोयीच्या. पण आयुष्य संपल्यावर त्यांत विकण्यासारखं राहतं तांबं, ॲल्युमिनियम आणि थोडंसं लिथियम. लोह फॉस्फेटला फारसा भाव नाही. कोबाल्टच्या पैशावर पुनर्वापराचा धंदा चालतो, तो इथे चालत नाही. लिथियमचे भाव पडले की काम तोट्यात जातं, आणि तोट्यातलं काम कोणी नीट करत नाही.

त्या पहिल्या बसच्या बॅटऱ्या येत्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने बाहेर पडतील. एकेका बसमधला पॅक टनाच्या हिशेबात मोजावा असा जड असतो. बस ठेकेदाराच्या मालकीच्या आहेत आणि किलोमीटरमागे पैसे देऊन चालवल्या जातात, त्यामुळे जुन्या बॅटरीचं काय झालं हे प्रवाशाला कधी कळत नाही. पुढच्या बस-खरेदीच्या निविदेत तीन गोष्टी लिहून घेता येतील: बॅटरी गाडीतून उतरल्यावर आधी कुठे वापरणार, शेवटी कोणत्या नोंदणीकृत कारखान्यात देणार आणि त्यातून किती किलो लिथियम परत मिळालं याचा दाखला महापालिकेला कधी देणार.